आरसा आणि ढाल : वऱ्हाडचा कापूस, अमेरिका आणि मराठी उपहास

१

मराठी विनोदी वाङ्मयाचा इतिहास सामान्यतः श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरू केला जातो. १९०२ च्या सुमारास ‘विविधज्ञानविस्तारा’तून त्यांचे विनोदी लेख प्रसिद्ध होऊ लागले, पुढे ते ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने ग्रंथरूप झाले आणि राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे यांच्यापर्यंत येणारी एक परंपरा त्यांतून सिद्ध झाली, अशी ही मांडणी आहे. ती इतकी रूढ झाली आहे की, तिच्या कक्षेबाहेर काय राहिले याचा विचार क्वचितच होतो. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपरोध, विडंबन, व्याजोक्ती, संवादातील कोपरखळ्या ही उपहासाची सर्व साधने विपुल आहेत. तरीही विनोदाच्या इतिहासात त्याची नोंद होत नाही. त्याची जागा सामाजिक इतिहासात आहे, असे गृहीत धरले जाते.

हे वगळणे केवळ वर्गीकरणाच्या सोयीचे नाही. उपहासाने कोणाकडे पाहावे, किती अंतरावरून पाहावे आणि पाहणाऱ्याने स्वतःला त्या चित्रात कोठे ठेवावे, यांविषयीची एक विशिष्ट धारणा त्यामागे आहे. ही धारणा तपासण्यासाठी एक अनपेक्षित वाटणारे प्रमाण उपयोगी पडते, ते म्हणजे अमेरिका. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना. तेव्हापासून अमेरिकेतील वर्णभेद, तेथील राजकारण आणि तेथील भांडवल यांच्याकडे मराठी लेखणी वेगवेगळ्या रीतींनी पाहत आली आहे. कधी अमेरिका हा तिच्यासाठी आरसा झाला, तर कधी ढाल. या दोन रीतींतील फरक स्पष्ट करायचा, तर मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन केंद्रांपेक्षा बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे ठिकाण अधिक सोयीचे आहे. कारण अमेरिका आणि महाराष्ट्र यांना जोडणारा धागा तेथे शब्दशः सुताचा होता.

२

मलकापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातील, नळगंगेच्या काठचे गाव. खानदेशातून पूर्वेकडे निघाले की वऱ्हाडच्या हद्दीत लागणारे ते पहिले मोठे ठाणे. भोवतालची जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी, म्हणजेच कापसाची. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला, त्यामागे निजामाकडील फौजेच्या थकलेल्या खर्चाचे कारण होते. परंतु या प्रांताच्या मातीचे मोल मँचेस्टरच्या गिरणीमालकांना ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या कापसावरील अवलंबन कमी व्हावे, ही त्यांची जुनी तक्रार होती. १८४० च्या सुमारास कंपनी सरकारने अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस-मळ्यांच्या व्यवहारातील जाणकारांना भारतात आणून येथील शेतकऱ्यांना कापूस पिकवण्याची नवी रीत शिकवण्याचा प्रयोग करून पाहिला होता. तो फसला. गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शेतीतले हे जाणकार रयतेच्या शेतीचे शिक्षक म्हणून आले होते, ही गोष्ट कोणत्याही उपहासकाराला पुरेशी सामग्री ठरावी अशी आहे. मराठीत ती कोणाच्या लेखणीचा प्रमुख विषय झाल्याचे दिसत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस तोपर्यंत अमेरिकेतून येत होता आणि तो पिकवणारे हात गुलामांचे होते. १८६० मध्ये त्या देशातील गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात भारतीय कापसाचा भाव अनेक पटींनी चढला. वऱ्हाडच्या कापसाला त्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळहून पूर्वेकडे जाणारा फाटा याच दशकात मलकापूर, शेगाव, बडनेरा असा सरकत १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत शाखा टाकण्यात आली. तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. एका कापूसपेठेसाठी व्हाइसरॉयने वऱ्हाडात यावे, यावरून त्या पेठेचे महत्त्व कळते.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, बँका बुडाल्या; त्याची कहाणी शहराच्या इतिहासात तपशिलाने नोंदली गेली आहे. पूर्णेच्या खोऱ्यात ज्वारीऐवजी कापूस पेरलेला शेतकरी मात्र त्या पेऱ्यातून परत फिरू शकला नाही, कारण सारा रोखीत भरायचा होता आणि सावकाराचे व्याजही रोखीतच द्यायचे होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडची जी दशा झाली, तिचे एक मूळ या बदलात होते. अमेरिकेतील गुलाम कायद्याने मुक्त झाला. त्याच घटनाक्रमात वऱ्हाडचा शेतकरी लिव्हरपूलच्या भावाला बांधला गेला. या दोन गोष्टी एकाच हिशेबाच्या वहीत मांडलेल्या होत्या. प्रश्न असा की, मराठी उपहासाने ही वही कधी उघडून पाहिली काय?

३

‘गुलामगिरी’ची रचना जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सोळा परिच्छेदांतील संवादाची आहे. धोंडीबा भोळेपणाने प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात आणि त्या उत्तरांत दशावतारांची दैवी कथा एकेक करून मानवी स्वारीच्या, लुटीच्या आणि कपटाच्या कथेत रूपांतरित होते. मत्स्य आणि कच्छ हे अवतार समुद्रमार्गे आलेल्या आक्रमकांचे पुढारी ठरतात. पुराणातील अद्भुत व्यवहाराच्या कसोटीवर घासले जाते आणि ते हास्यास्पद होते. पवित्र मानलेली कथा अक्षरशः खरी मानून तिच्याकडे जाब मागणे, ही उपहासाची फार जुनी रीत आहे. फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचे लेखन वाचले होते, हे प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकी स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणारा हा लेखक राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्याविषयी हीच रीत वापरतो.

परंतु फुल्यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य त्याच्या अर्पणपत्रिकेत आहे. ज्यांची स्तुती त्यांनी केली ते अमेरिकी लोक हा ग्रंथ वाचतील अशी शक्यता थोडी होती. वाचणार होते ते येथील लोक. अमेरिकेतील गोऱ्यांपैकी काहींनी स्वतःच्या समाजाने लादलेल्या दास्याविरुद्ध स्वतःच्याच माणसांशी लढा दिला, हे येथील वरच्या जातींपुढे ठेवणे, हा त्या अर्पणाचा खरा हेतू होता. स्तुती दूरच्यांची आणि बोच जवळच्यांना, अशी ही उलटी व्याजस्तुती आहे. अमेरिका येथे आरसा म्हणून वापरली आहे आणि तो आरसा बोलणाऱ्याच्या समाजाकडे वळवलेला आहे.

हा आरसा निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. १८७३ हेच वर्ष अमेरिकेच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. त्या वर्षी एप्रिल महिन्यात लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने अनेक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. मुक्त झालेल्यांना नागरिकत्वाचे हक्क देण्याचा प्रयोग खचू लागला होता आणि १८७७ मध्ये तो गुंडाळला गेला. गुलाम मुक्त झाला, पण जमीन मालकाचीच राहिली. अर्धेलीने शेत करणारा कृष्णवर्णीय आणि त्याला उधारीवर धान्य-कापड देणारा दुकानदार यांचे नाते वऱ्हाडातील कुळाला नव्याने समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

त्याच वर्षाच्या अखेरीस मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांची एक संयुक्त कादंबरी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकावरूनच त्या देशाच्या इतिहासातील त्या कालखंडाला ‘मुलाम्याचे युग’ हे नाव मिळाले. रेल्वेमार्गांच्या आखणीवरून चाललेली जमिनींची सट्टेबाजी, मतांची खरेदी, वॉशिंग्टनमधील दलाली हे तिचे विषय आहेत. तिच्यातील एक सिनेटर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी उद्योगविद्यापीठ काढण्याचे विधेयक पुढे आणतो. त्यासाठी सरकारने एक विशिष्ट जमीन भरमसाट भावाने विकत घ्यावी, एवढाच त्यामागचा हेतू असतो. दास्यमुक्तीची पुण्याई जमिनीच्या दलालीत कशी वटवता येते, याचे याहून भेदक चित्र त्या काळच्या वाङ्मयात विरळा. म्हणजे पुण्यात अमेरिकेच्या औदार्याला ग्रंथ अर्पण होत होता, त्याच वर्षी अमेरिकेतील उपहासकार त्या औदार्याचा बाजारभाव सांगत होता.

या विसंगतीवरून फुल्यांना भोळे ठरवणे सोपे आहे. परंतु ते चुकीचे होईल. ट्वेन आणि फुले यांची कृती एकच आहे. दोघेही स्वतःच्या समाजाच्या आत्मस्तुतीवर प्रहार करतात. त्यासाठी ट्वेनला आतून पाहणे पुरेसे होते, फुल्यांना बाहेरचा एक बिंदू हवा होता. ट्वेनलाही पुढे तो बाहेरचा बिंदू लाभला, आणि तो मुंबईत. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस आला असता तेथील हॉटेलात एका युरोपीय माणसाने देशी नोकराला थोबाडीत मारल्याचे त्याने पाहिले आणि त्याला एकदम आपल्या बालपणीच्या मिसुरी राज्यातील गुलामांची आठवण झाली. दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने हा प्रसंग नोंदला आहे. त्यात त्याने त्या युरोपीय माणसाला झोडपण्यात वेळ घालवला नाही. आपल्या वडिलांच्या घरातील मारहाण त्याने वाचकापुढे ठेवली. परक्याचे पाप पाहून स्वतःचे स्मरण होणे हीच आरशाची क्रिया होय.

४

आता पूर्णेच्या खोऱ्याकडे परत येता येईल. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म नागपूरचा, बालपण बरेचसे बुलढाण्याचे. वकिली त्यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे केली. जळगाव-जामोद हे मलकापूरच्या ईशान्येस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले तालुक्याचे गाव. मराठीतील आधुनिक विनोदाचा प्रवर्तक आयुष्याची अनेक वर्षे वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात, आणि तेही दिवाणी दाव्यांच्या सान्निध्यात राहिला. कर्जाचे कागद, गहाणखते, जप्त्या हे त्या व्यवसायाचे नित्याचे जग होते. तरीही सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ज्या जगात वावरतात, त्याच्या केंद्रस्थानी कापसाची पेठ नाही. तेथे श्रावणी आहे, शिमगा आहे, ज्योतिष आहे, लग्नव्यवहार आहे, अंधश्रद्धा आणि पोकळ विद्वत्ता आहे.

कोल्हटकरांच्या विनोदाचे मोल यामुळे कमी होत नाही. स्वतःच्या जातीच्या कर्मकांडाची टवाळी करण्यास त्या काळी धैर्य लागत होते. या अर्थाने कोल्हटकरांचाही विनोद आत वळलेला आहे. परंतु तो रूढीपाशी थांबतो. रूढीखालच्या उत्पन्नाच्या व्यवहारापर्यंत जात नाही. पुरोहिताचे अज्ञान त्याला हास्यास्पद वाटते, पुरोहिताला आणि सावकाराला पोसणारी शेतकऱ्याची उतरंड त्याच्या दृष्टीच्या कडेला राहते. फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात नेमकी हीच उतरंड केंद्रस्थानी आहे. आणि तो ग्रंथ लेखकाच्या हयातीत पूर्ण छापला गेला नाही. पहिली काही प्रकरणे ‘दीनबंधू’त आली, पुढची छापण्यास चळवळीतलेच संपादक कचरले. उपहास व्यवहाराच्या मुळाशी जाऊ लागला की त्याला छापखाना मिळणेही कठीण होते, हा त्याचा अर्थ.

या प्रश्नाची एक शास्त्रीय बाजूही आहे. भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद सांगितले आणि ते दोन-दोन करून उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना वाटून दिले. हसण्याची प्रत ही हसणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून ठरते, असे हे वर्गीकरण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विनोदाची आधुनिक मीमांसा मराठीत घडली, न. चिं. केळकरांची ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) हा तिचा सर्वांत पद्धतशीर ग्रंथ. या साऱ्या चर्चेतून निर्विष, निर्मळ विनोद हा श्रेष्ठ आणि दंश करणारा उपहास हा कनिष्ठ, असा संकेत दृढ झाला. पाश्चात्त्य कल्पनांचा आधार घेतला गेला, तरी भरताची उतरंड त्याखाली टिकून राहिली. ज्याला रागावण्याचे कारण नाही त्याचे हसू निर्मळ असते. ज्याला ते कारण आहे त्याचे हसू कडवट होते. निर्मळतेला वाङ्मयीन गुण मानले की कडवटपणाचे कारण विचारण्याची जबाबदारी समीक्षकावर राहत नाही.

५

१९२७ हे वर्ष या दृष्टीने विशेष बोलके आहे. त्या वर्षी पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोल्हटकरांकडे आले. वऱ्हाडातील विनोदकाराचा तो सर्वोच्च सन्मान होता. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ पाटील यांनी लिहिलेले जोतीराव फुल्यांचे चरित्र चिखलीहून प्रसिद्ध झाले. फुल्यांचे विस्तृत चरित्र लिहिण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक महत्त्वाचा प्रयत्न होय. एका जिल्ह्यातून एकाच वर्षी मराठी उपहासाच्या दोन्ही धारा दृष्टोत्पत्तीस येतात. एक संमेलनाच्या व्यासपीठावर आणि दुसरी तालुक्याच्या गावातील छापील पुस्तकात. वाङ्मयेतिहासाने नोंद घेतली ती पहिलीची.

याच वर्षी कॅथरीन मेयो या अमेरिकी लेखिकेचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक बाहेर आले. भारतीय समाजाचे अतिशय विपर्यस्त आणि साम्राज्याला सोयीचे चित्र रंगवणाऱ्या या पुस्तकाने देशभर संताप उसळला. १९२८ मध्ये लाला लजपतराय यांनी ‘अनहॅपी इंडिया’ लिहिले. त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा छळ, जमावाकडून होणाऱ्या हत्या यांचे विस्तृत पुरावे होते. १९२९ मध्ये लाहोरच्या के. एल. गौबा यांनी ‘अंकल शॅम’ लिहिले. अंकल सॅम या प्रतीकाच्या नावावर कोटी करणारे हे पुस्तक म्हणजे अमेरिकेच्या वंशद्वेषाचे, गुन्हेगारीचे आणि पैशाच्या हव्यासाचे उघड विडंबन आहे. मेयोने भारतासाठी वापरलेली रीत गौबांनी अमेरिकेवर उलटवली.

या पुस्तकांतील अमेरिकेविषयीचे आरोप बव्हंशी खरे होते. परंतु त्यांतील उपहासाची दिशा फुल्यांच्या उलट आहे. येथे अमेरिका ही ढाल आहे. आमच्याकडे अस्पृश्यता असेल, पण तुमच्याकडे काळ्या माणसाला झाडाला टांगून मारतात, असे म्हटले की आमच्याकडच्या अस्पृश्यतेचा प्रश्न संपत नाही, तो पुढे ढकलला जातो. हे सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखनातील गुलाम आणि अस्पृश्य यांच्या तुलनेच्या प्रकरणात लजपतरायांच्या याच युक्तिवादाचे त्यांनी खंडन केले आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : गुलाम हे मालकाचे धन असल्यामुळे त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असतो, अस्पृश्याला जगवण्यात कोणाचाच स्वार्थ नसतो. शिवाय गुलामगिरी उघड असते, अस्पृश्यता ही आडवाटेने आलेली गुलामगिरी असल्याने ती सोसणाऱ्यालाही ओळखू येत नाही. हिशेबनिसाच्या थंड भाषेत केलेली ही मांडणी वाचताना त्यातील उपरोध वाचकाच्या उशिरा ध्यानात येतो. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांना अमेरिका ढाल म्हणून वापरण्याची गरज वाटली नाही. १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना त्यांनी पत्र लिहिले ते दोन समाजांच्या स्थितीतील साम्य सांगण्यासाठी.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा या नात्याला नाव मिळाले. १९६६ मध्ये ओकलंड येथे सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव आणि आवेश नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी घेतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘साधना’त आलेला ढाले यांचा लेख आणि त्यावर उठलेले वादळ हे मराठी उपहासाच्या इतिहासातील एक निर्णायक प्रकरण आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात दलित स्त्रीच्या अब्रूची किंमत विचारणारा तो लेख राष्ट्राच्या आत्मस्तुतीला भिडतो. अर्पणपत्रिकेतील दास्यविमोचक गोऱ्यांच्या जागी आता स्वतः लढणारा कृष्णवर्णीय आला आणि फुल्यांच्या आरशातील त्रुटी भरून निघाली.

६

कापसाची वही मात्र या सर्व प्रवासात बाजूलाच राहिली. वर्णाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न यांची सांगड मराठी लेखणीने घातली. मलकापूरच्या रुळांवरून गेलेल्या गाठींचा हिशेब तिने क्वचितच मांडला. २००२ मध्ये भारतात जनुकीय बदल केलेल्या कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. ते बियाणे आणणाऱ्या संयुक्त कंपनीत अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील मोन्सँटो होती आणि तिची भागीदार होती बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्याची महिको. २००३ मध्ये कानकुन येथील जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील चार देशांनी अमेरिकी कापूस-उत्पादकांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाविरुद्ध आवाज उठवला. खुल्या बाजाराचा उपदेश करणाऱ्या देशाने स्वतःच्या मळ्यांना तिजोरी उघडून द्यावी, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव होते. २००२ मध्येच प्रसिद्ध झालेली सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी याच जिल्ह्याच्या मातीतली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेल्या शेतकरी मुलाच्या कोंडीतून तिने उभे केलेले वास्तव करुण आहे आणि त्या करुणेच्या आड एक कोरडा उपरोध सतत जाणवतो.

अमेरिकी राजकारणाची, तेथील कंपन्यांच्या लोभाची आणि तेथील वर्णद्वेषाची टवाळी करणे मराठीत आता अवघड राहिलेले नाही. ती टवाळी खोटीही नाही. परंतु दीडशे वर्षांच्या या इतिहासावरून एक कसोटी हाती लागते. उपहास्य विषय किती मोठा वा किती दूरचा आहे, यावरून उपहासाचे बळ ठरत नाही. त्या विषयाशी आपला देण्याघेण्याचा कोणता संबंध आहे, हे उपहास करणाऱ्याने किती उघड केले यावरून ते ठरते. फुल्यांनी, मुंबईतल्या ट्वेनने, आंबेडकरांनी हा संबंध उघड केला. मेयोला उत्तर देणाऱ्यांनी तो झाकला. कोल्हटकरांनी तो अर्ध्यावर सोडला. मिसुरीच्या कंपनीवर हसणाऱ्या मराठी लेखणीला तिच्या जालन्यातील भागीदाराचे, बियाणे उधारीवर देणाऱ्या कृषी केंद्राचे आणि त्या उधारीचे व्याज खाणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या प्रतिष्ठिताचे नाव घेता आले पाहिजे.

विनोदी वाङ्मयाच्या इतिहासाची फेरमांडणी या कसोटीवर करायची झाली, तर आरंभाचे साल १९०२ वरून १८७३ वर न्यावे लागेल. त्याने केवळ तीन दशकांची भर पडणार नाही. निर्मळ हसू हेच श्रेष्ठ, हा संकेत तपासावा लागेल, कडवट हसण्याची कारणे विचारावी लागतील आणि ‘असूडा’चा छापखाना शोधत फिरलेला लेखक विनोदाच्या परंपरेत आणून बसवावा लागेल. मराठी समीक्षेने हे काम अद्याप पुरतेपणाने हाती घेतलेले नाही.